पांढऱ्या खुंटीच्या ओळी

सोमवार, २ मार्च

आज नोकरीचा पहिला दिवस. वय एकाहत्तर. या वयात पहिला दिवस म्हणायलाही कसंसंच होतं.

कारकुनाने एक वही द्यायची होती, त्याने दोन दिल्या. एकमेकींना चिकटल्या होत्या, त्याच्या लक्षात आलं नाही. एक काचघरात ठेवायची आणि पाणी कधी दिलं ते तिच्यात लिहायचं. दुसरी माझ्या पिशवीतून घरी आली. म्हणजे मीच आणली. दाराशी पोचेपर्यंत छातीत धडधडत होतं. हिला म्हटलं, "उद्या परत करतो."

ही म्हणाली, "अहो, वही आहे ती, तिजोरी नाही. दिवसभर तुमच्या डोक्यात जे चालतं ते तिच्यात लिहा, म्हणजे मला ऐकावं लागणार नाही."

म्हणून लिहितो आहे. शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका असणार. कोणी वाचणार नाही, त्यामुळे चालेल.

काम असं. शेतीच्या संशोधन केंद्रात मागच्या अंगाला एक लांबट काचघर आहे. त्यात टोमॅटोच्या चार ओळी, एकेका ओळीत तीस कुंड्या. पाणी द्यायचं, पिवळं पान काढायचं, संध्याकाळी दार लावायचं. दार लावलं. नळही बंद केला. बंद केल्याचं आठवतं.

मंगळवार, ३ मार्च

नळ बंद होता.

गुरुवार, ५ मार्च

काचघर ज्यांचं आहे त्या बाई आज भेटल्या. ताडमाड उंच आहेत. दारातून वाकून आत येतात आणि मग वाकलेल्याच राहतात, कारण सगळं लक्ष कुंड्यांत. काम करताना गुणगुणतात, आणि फार बेसूर. त्यांच्या हाताखाली एक मुलगी शिकते, तिला मी चष्मेवाली म्हणतो. तोंडावर नाही.

बाईंनी मला स्टुलावर बसवून सगळं नीट समजावलं. मला वाटलं पाणी जास्त झालं म्हणून बोलणार. तसं काही नव्हतं.

"काका, आम्ही एका रानझुडपाच्या पानांचा अर्क काढलाय," त्या म्हणाल्या. "त्याने अळी मरत नाही. पण तो शिंपडला की टोमॅटोच्या झाडाला वाटतं, आपल्याला कोणी तरी खातंय. मग ते स्वतःच आपल्या पानांत एक कडू रसायन तयार करतं. अळीला ते सोसत नाही. ती कमी खाते, वाढत नाही. हे जमलं तर शेतात विष फवारायला नको. माती वाचेल, मधमाश्या वाचतील."

"म्हणजे झाडाला घाबरवायचं?"

"तसंच म्हणा."

मला जरा वाईट वाटलं. घाबरून राहणं काय असतं ते मला माहीत आहे.

लाल खुंटीच्या दोन ओळींना अर्क. पांढऱ्या खुंटीच्या दोन ओळींना नुसतं पाणी. मी विचारलं, "पांढऱ्यांना काहीच नाही?" बाई म्हणाल्या, "काहीच नाही. तुलनेला काही तरी हवं ना!" मी मान हलवली. कळलं नाही, पण पहिल्याच आठवड्यात किती विचारायचं?

घरी येताना आठवलं की रोपवाटिकेत अडतीस वर्षं मी पानं दाताखाली धरून बघायचो, रोप निरोगी आहे की नाही ते. म्हणजे अडतीस वर्षं रसायन पोटात गेलं. जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "इतक्या वर्षांत मेला नाहीत, तर आज वाढलेलं टाकू नका."

शुक्रवार, ६ मार्च

बाई लाल ओळींवर अर्क शिंपडत होत्या. मिनिट-मिनिट एकेका रोपापाशी. पांढऱ्या ओळींपाशी आल्या तर सरळ पुढे निघून गेल्या. हे मला बघवलं नाही. एकाच बियाण्याची भावंडं, आणि दोघांना सावत्रासारखं वागवायचं!

रोपवाटिकेत आमचा मुकादम सांगायचा की रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवायचा, या टोकाकडून त्या टोकाकडे, पंधरा वेळा. रोपं लांबूळकी होत नाहीत. ठेंगणी राहतात पण दणकट होतात. मला औषध देता येत नाही, तो माझा अधिकार नाही. हात मात्र माझेच आहेत. बाई आल्या नव्हत्या तोवर पांढऱ्या दोन्ही ओळींवरून पंधरा पंधरा वेळा हात फिरवला. लाल ओळींचं सगळं बाई बघतात, त्यांना मी हात लावला नाही.

नोंदवहीत लिहिलं: पाणी दिले, सकाळी आठ.

बुधवार, ११ मार्च

हात हिरवे होतात, मग काळे पडतात. टोमॅटोच्या पानाचं असंच असतं. साबण लावला की साबणही हिरवा. ही म्हणाली, "त्या साबणाने मी तोंड धुतलं, आता मलाही फळं लागतील."

बाईंनी चहा दिला. रंग पाहून मला वाटलं भांडं विसळलेलं पाणी आहे, कुंडीत ओतायला दिलंय. थोडक्यात वाचलो, कुंडीपर्यंत पोचलो होतो.

सोमवार, १६ मार्च

आज अळ्या सोडल्या. चष्मेवालीने मऊ कुंचल्याने एकेक उचलून पानावर ठेवली, तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तशी. मी आयुष्यभर अळ्या चिरडल्या आणि इथे त्यांना जागा करून देतात. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रक्तदाब वाढल्यासारखा वाटला.

पद्धत अशी की दर सोमवारी नव्या अळ्या सोडायच्या आणि पुढच्या सोमवारी त्या तोलायच्या, पानांची भोकं मोजायची. प्रत्येक ओळीतली चार पानं पिशवीत घालून, तारीख लिहून बर्फाच्या पेटीत ठेवायची. उद्यापासून मी हात पंधराऐवजी वीस वेळा फिरवणार. पांढऱ्यांच्या पाठीशी दुसरं कोण आहे?

सोमवार, २३ मार्च

काय सांगू! लाल ओळींतल्या अळ्या बारीक. आणि माझ्या पांढऱ्या ओळींतल्याही तेवढ्याच बारीक! औषध नाही, काही नाही, तरी तोडीस तोड. ओळीच्या टोकाशी उभा राहिलो तेव्हा छाती दोन इंच फुगली होती. शाळेत असं कधी झालं नव्हतं.

बाई मात्र तक्ता घेऊन लगेच निघाल्या. आज गुणगुणल्याही नाहीत. मला वाटतं त्यांना लाल ओळी जास्त आवडतात आणि पांढऱ्या बरोबरीला आल्याचं सहन होत नाही. शिकलेल्या माणसांतही असं असतं.

शनिवार, २८ मार्च

बाई माझ्या हातांकडे बघत होत्या. मी हात खिशात घातले. टोमॅटो तोडून नेतो असं त्यांना वाटत असेल का? अजून फळच धरलेलं नाही. तरी जाताना पिशवी उलटी करून दाखवली. बाई गोंधळून म्हणाल्या, "काका, काय हरवलं?"

सोमवार, ३० मार्च

पुन्हा बरोबरीत. चष्मेवालीने भोकं दोनदा मोजली. बाई म्हणाल्या, "अर्काचा काहीच उपयोग होत नाहीये गं. चार वर्षं गेली." चष्मेवाली म्हणाली, "अजून एक आठवडा बघू, मॅडम."

मला दोघींची दया आली. त्यांना सांगावंसं वाटलं की औषध नाही लागलं तर नाही, रोपं तर छान आहेत ना! पण मधे बोललो नाही. घसा दुखतो आहे.

बुधवार, ८ एप्रिल

नऊ दिवस तापाने अंथरुणात होतो. एकशे दोनच्या वर गेला नाही असं ही म्हणते, पण तापमापक हिच्याकडेच होता.

काल बाई घरी आल्या, सफरचंदं घेऊन. दारातून वाकून आत आल्या. मला वाटलं काढून टाकायला आल्या. पण चेहरा नुसता उजळलेला. पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, "काका, काम झालं! कालची मोजणी बघायला हवी होती तुम्ही. लाल ओळी जशाच्या तशा, आणि पांढऱ्यांची नुसती चाळण! अळ्या अशा लठ्ठ!" आणि करंगळी दाखवली.

मी भिंतीकडे तोंड केलं. कोणाच्या दुःखात इतका आनंद? त्या गेल्यावर हिला म्हटलं, "बाई वाईट आहे." ही सफरचंद कापत होती. म्हणाली, "वाईट माणसं इतकी गोड फळं आणत नाहीत."

गुरुवार, ९ एप्रिल

गेलो. काठी टेकत गेलो. पांढऱ्या ओळी पाहून रडू आलं. मी नव्हतो तेव्हा माळी यायचा म्हणे. त्याने पाणी वेळेवर दिलं, चूक काढायला जागा नाही. पण नुसतं पाणी देऊन निघून जायचा.

आजपासून तीस वेळा.

सोमवार, १३ एप्रिल

पांढऱ्या ओळींतल्या अळ्या मधल्याच. ना लठ्ठ ना बारीक. बाईंचं गुणगुणणं अर्ध्यावर थांबलं. माझी रोपं मात्र सावरताहेत.

सोमवार, २० एप्रिल

जेवायच्या आधीच लिहायला बसलो.

आज मोजणी झाली. पांढऱ्या पुन्हा लालच्या बरोबरीला आल्या. मी मनात खूश झालो, तेवढ्यात केंद्राचे मोठे साहेब आले. त्यांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, "एका आठवड्यात फरक दिसतो, बाकीच्यांत नाही. याला निष्कर्ष म्हणत नाहीत, बाई, याला योगायोग म्हणतात. महिनाअखेरीस काचघर रिकामं करा. दुसरे लोक वाट बघताहेत."

ते गेले. बाई खाली बसल्या, कुंड्यांच्या मधे, जमिनीवर. एवढी उंच बाई बसली तर किती लहान दिसते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "पण बाई, पांढरी रोपं किती चांगली आलीत!"

"तेच तर, काका," त्या म्हणाल्या. "पांढरी वाईट व्हायला हवी होती. त्यांना काही दिलं नाही म्हणून अळ्यांनी त्यांना खायला हवं होतं. तरच कळलं असतं ना, की लाल ओळी अर्कामुळे वाचल्या! दोन्ही सारख्याच वाचल्या तर अर्काने केलं काय?"

इतक्या दिवसांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती.

चष्मेवाली तक्ता घेऊन बसली होती. "मॅडम, त्या एकाच आठवड्यात काय वेगळं होतं? उष्णता तीच. पाणी तेवढंच. बियाणं तेच, अळ्या त्याच." मग उगाच हसून म्हणाली, "फक्त काका नव्हते."

बाईही हसल्या. मीही हसलो. मग नळ बंद करायला गेलो, तो बंदच होता.

मंगळवार, २१ एप्रिल

कामावर गेलो नाही. ताप उलटला असं कळवलं. ताप नाही.

हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जा आणि बाईंना सांगा."

"अगं, चार वर्षं गेली त्यांची! माझ्या हातांमुळे! तोंड कसं दाखवू? आणि पुन्हा घरी बसावं लागेल मला."

"तुम्ही घरी बसलात तर सगळ्यात जास्त त्रास मला होणार. तरी मी सांगते आहे, जा."



मग म्हटलं, नुसतं तोंडाने सांगून भागणार नाही. त्या विचारतील कुठल्या तारखेला, किती वेळा. ते सगळं या वहीत आहे. पण वहीत बाकीचंही आहे. ताडमाड आहे. बेसूर आहे. चहा आहे. "बाई वाईट आहे" हे तर ठळक लिहिलंय. कात्री घेऊन बसलो. ती पानं कापली तर मागच्या बाजूच्या तारखा जातात. खाडाखोड केली तर वाटेल आणखी काही लपवतो आहे.

हिने कात्री काढून घेतली. "बेसूर आहेत का त्या?"

"खूप."

"मग त्यांना ठाऊक असेल."

बुधवार, २२ एप्रिल

दिली वही.

दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो, दोन्ही विसरलो. बाईंच्या टेबलावर वही ठेवली आणि म्हटलं, "पांढऱ्या ओळींना मी रोज हात लावला. तुम्ही पाणी द्या म्हणालात, हात लावू नका म्हणाला नाहीत, पण चूक माझी. आणि मधे मधे जे लिहिलंय ते तापात लिहिलं." हे खोटं होतं. ताप नंतर आला. तारखा आहेतच.

बाईंनी वाचायला घेतली. मी उभा. चष्मेवाली त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. आठ मिनिटं. मधे चष्मेवाली फिस्सकन हसली. बहुतेक वहीतला चहा आला असेल.

"पंधरा वेळा," बाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू. "मग वीस. लाल ओळींना हात नाही?"

"नाही. लाल तुमच्या होत्या."

"आणि नऊ दिवस कोणीच नाही. आणि मग तीस." त्या उठल्या, इतक्या झटकन की दिव्याला डोकं आपटलं. "अगं, त्या पिशव्या काढ बर्फातल्या! सगळ्या सोमवारच्या! काका, तुम्हाला कळतंय का काय झालंय?"

"हो," मी म्हटलं. "मी राजीनामा लिहून आणलाय."

"काका, खाली बसा. झाडाला कोणी खातंय हे कळतं कसं? आधी स्पर्शानेच ना! तुम्ही रोज पानं चोळलीत. त्यांना वाटलं अळ्या आल्या. अर्क जे सांगतो तेच तुमच्या हातांनी सांगितलं असणार!"

मला वाटत होतं मी त्यांना कुरवाळतोय. इतके दिवस मी त्यांना घाबरवत होतो.

हे बाईंना म्हटलं.  मग म्हणाल्या, "घाबरवलंत म्हणूनच वाचली."

राजीनामा त्यांनी बघितलासुद्धा नाही. त्याच्या मागच्या बाजूला आकडे मांडायला लागल्या.

मंगळवार, २८ एप्रिल

यंत्रातून पानांतल्या कडू रसायनाचा निकाल आला. चष्मेवालीने मला कागद दाखवला. रेषाच रेषा. मला एवढंच दिसलं की पांढऱ्या ओळींची रेष वर वर गेली, मधे धपकन खाली आली आणि पुन्हा वर गेली. खाली आली तिथे बोट ठेवून ती म्हणाली, "इथे तुम्ही गोधडीत होतात." माझा ताप कोणी कागदावर काढेल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे अर्क खरा. लाल ओळींची रेष सगळे आठवडे वरच होती. फक्त तिच्या शेजारी दुसरी एक उभी राहिली म्हणून ती दिसली नाही.

मोठे साहेब आले. मी कुंड्यांच्या मागे उभा राहिलो, लपलो असं नाही. ते म्हणाले, "पण या नोंदी कुणी ठेवल्या?"

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे एक जण आहेत. रोपांवर हात फिरवण्याचा अडतीस वर्षांचा अनुभव आहे."

"मग पहिल्यापासून घ्यायचं होतं ना त्यांना प्रयोगात!"

"घेतलं होतं, साहेब. आम्हालाच माहीत नव्हतं."

साहेब हसले. काचघर आणखी सहा महिने बाईंकडे. ही बातमी हिला सांगितली तर म्हणाली, "सहा महिने? देव त्या बाईचं भलं करो," आणि मोठा श्वास सोडला.

सोमवार, ११ मे

नवा प्रयोग सुरू झाला. लाल ओळीला अर्क. निळ्या खुंटीच्या नव्या ओळीवरून मी हात फिरवायचा, सकाळी आठला, बरोब्बर पंधरा वेळा. चष्मेवाली मोजते, सोळावा झाला तर ओरडते. पांढऱ्यांना कोणी काही करायचं नाही. मी तर मुळीच नाही.

सोमवार, १८ मे

पांढऱ्या ओळींत मोठी भोकं पडली. सगळं ठरल्याप्रमाणे होतंय, बाई आनंदात आहेत, लाल आणि निळी दोन्ही टिकून आहेत. मलाही आता कळतं की पांढऱ्या ओळी पडतात म्हणूनच बाकीच्यांचं खरं ठरतं. कळतं, पण त्यांच्या समोरून जाताना हात पाठीमागे एकमेकांत अडकवून जावं लागतं, नाही तर ते आपोआप पुढे येतात.

आज धीर करून बाईंना विचारलं, "हात नाही लावत. पण लांबून बोललं तर चालेल का? दोन शब्द. त्यांना एकटं वाटत असेल."

मला वाटलं हसतील. त्यांनी नीट विचार केला. चष्मेवालीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बोला. पण सगळ्या ओळींशी सारखंच बोलायचं, काका. तेवढाच वेळ, तेवढ्याच अंतरावरून."

म्हणून आज घड्याळ लावून बोललो. पांढऱ्यांना तीन मिनिटं, त्यांची माफी मागितली. निळ्यांना तीन मिनिटं, त्यांनाही माफीच, दुसऱ्या कारणासाठी. लालशी माझं कधी बोलणं झालंच नव्हतं. काय बोलावं सुचेना. शेवटी त्यांना म्हटलं की तुमच्याबद्दल माझ्या मनात अढी होती, ती गेली. एवढं बोलून अडीच मिनिटं उरली. ती नुसता उभा राहिलो, आणि चष्मेवालीने ती तशीच लिहून घेतली.